उत्तर ४ आहे हे दिसतंय, पण सूत्र तिथपर्यंत पोचत नाही : राफाएल बोंबेलीबद्दल

कंपासपेटी

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. संमिश्र संख्यांचा धडा सुरू झाला की पहिल्याच तासाला कोणीतरी हात वर करतं आणि विचारतं, मॅडम, क्ष वर्ग अधिक १ बरोबर शून्य याला उत्तर नाहीये तर नसू दे ना, ओढूनताणून एक नवीन संख्या कशाला आणायची? मला हा प्रश्न मनापासून आवडतो कारण तो बरोबर आहे. शेकडो वर्षं मोठमोठ्या गणितज्ञांनी नेमकं हेच केलं, मुळाखाली उणे आलं की उत्तर नाही म्हणाले आणि पुढच्या गणिताकडे वळले. वर्गसमीकरणामुळे √−१ घ्यावंच लागलं असं कधी झालंच नाही. ते घ्यावं लागलं घन समीकरणामुळे, आणि ही गोष्ट मला स्वतःला कॉलेजात कोणी सांगितली नव्हती, खूप उशिरा वाचनात आली, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी पटकन सांगते कारण ती बऱ्याच जणांना माहीत असेल. इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या शिपिओने देल फेर्रोने घन समीकरण सोडवायची रीत शोधली आणि ती जवळजवळ गुप्तच ठेवली, १५२६ साली तो गेला. त्याचा शिष्य फियोर याने १५३५ मध्ये तार्ताल्या या गणितज्ञाला आव्हान दिलं, दोघांनी एकमेकांना ३०-३० गणितं घातली, तार्ताल्याने ऐनवेळी स्वतःच रीत शोधून काढली आणि जिंकला. १५३९ मध्ये मिलानला कार्दानो या गणितज्ञाने त्याच्या मागे लागून लागून ती रीत मिळवली आणि १५४५ साली ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात छापली. त्यावरून जे भांडण झालं त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला आज त्या भांडणाच्या पुढचं लिहायचंय.

समीकरण बघा : क्ष घन = १५ क्ष + ४.

याचं उत्तर ४ आहे. पंधरा चोक साठ, साठ आणि चार चौसष्ट, आणि ४ चा घन चौसष्ट. चौथीतलं पोरही ताळा करून देईल. आता हेच कार्दानोच्या सूत्रात घाला. सूत्र सांगतं की ४ चं अर्ध करा २, त्याचा वर्ग ४, मग १५ चा तिसरा भाग ५, त्याचा घन १२५, आणि ४ मधून १२५ वजा करून त्याचं वर्गमूळ घ्या. म्हणजे √−१२१. उत्तर येतं ते असं : (२ + √−१२१) चं घनमूळ अधिक (२ − √−१२१) चं घनमूळ.

इथे ‘उत्तर नाही’ म्हणायची सोयच राहिली नाही ना! उत्तर आहे, ते समोर दिसतंय, आणि ज्या सूत्रावर सगळ्यांचा विश्वास बसलाय ते सूत्रच मध्येच दरीत कोसळतंय. कार्दानोला ही अडचण माहीत होती, त्याने तार्ताल्याला पत्रातून विचारलंही होतं. ‘आर्स माग्ना’त एके ठिकाणी तो १० चे असे दोन भाग करायला सांगतो की गुणाकार ४० यावा, उत्तर म्हणून ५ + √−१५ आणि ५ − √−१५ लिहितो, गुणून बघतो, ४० येतं, आणि मग हे जितकं सूक्ष्म आहे तितकंच निरुपयोगी आहे असं म्हणून सोडून देतो. दारापर्यंत पोचून परत फिरला.

आत गेला तो बोंबेली. २० जानेवारी १५२६ ला बोलोन्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे देल फेर्रो गेला त्याच वर्षी त्याच गावात हा जन्मला. घराण्याचं मूळ आडनाव मात्सोली. १५०८ मध्ये बेन्तिवोल्यो घराण्याला बोलोन्यात परत सत्तेवर आणायचा कट फसला, त्यात बोंबेलीच्या घराण्यातल्या एकाचा जीव गेला. पुढे वडील आंतोनियो यांनी आडनाव बदलून बोंबेली लावलं, ते लोकरीचे व्यापारी होते, आणि राफाएल सहा भावंडांत थोरला. विद्यापीठाचं तोंड त्याने पाहिलं नाही. पिएर फ्रांचेस्को क्लेमेंती नावाच्या इंजिनिअर-वास्तुकाराच्या हाताखाली शिकला आणि स्वतः इंजिनिअर झाला. आलेस्सांद्रो रुफीनी नावाच्या रोमन सरदाराने तोस्कानातल्या वाल दी क्याना खोऱ्याची पोपच्या राज्यात येणारी दलदल काढायचं काम घेतलं होतं, त्या कामावर हा होता. १५५५ च्या सुमाराला ते काम काही कारणाने थांबलं. १५६० पर्यंत पुन्हा सुरू झालं. या मधल्या रिकाम्या काळात, रुफीनीच्या वाड्यात राहून, साइट बंद पडलेल्या या इंजिनिअरने बीजगणिताचं पुस्तक लिहायला घेतलं.

कशासाठी लिहिलं तेही त्याने सांगून ठेवलंय. त्याच्या मते आधीच्या लेखकांपैकी या विषयात खोल फक्त कार्दानो गेला होता, पण कार्दानोचं सांगणं दुर्बोध आहे. तेव्हा ज्याला दुसरं कुठलंही पुस्तक मिळणार नाही त्यालाही एकट्याने बसून शिकता यावं असं पुस्तक पाहिजे. म्हणून लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये, बोलीभाषेत लिहिलं. शिक्षक म्हणून मला हे वाचताना भरून येतं, खरंच.

आता त्याने केलं काय. √−१२१ म्हणजे ११ गुणिले √−१. या √−१ सारख्या मुळाला त्याने संख्या म्हटलंच नाही. तो म्हणतो की याला अधिकही म्हणता येत नाही आणि उणेही म्हणता येत नाही, मग वेगळं नाव देऊ. मिळवायचं असेल तेव्हा ‘प्यू दी मेनो’ म्हणजे ‘उण्याचं अधिक’, वजा करायचं असेल तेव्हा ‘मेनो दी मेनो’ म्हणजे ‘उण्याचं उणं’. आणि मग त्याने याचे पाढे दिले, अक्षरशः पाढे, म्हणून पाठ करता येतील असे. प्यू दी मेनो विया प्यू दी मेनो, फा मेनो. प्यू दी मेनो विया मेनो दी मेनो, फा प्यू. (विया म्हणजे गुणिले, फा म्हणजे होतं, प्यू अधिक आणि मेनो उणे.) अशा आठ ओळी. ही वस्तू काय आहे, कुठे असते, यावर तो वाद घालत बसला नाही, ती वागते कशी तेवढं पक्कं केलं.

पाढे हातात आल्यावर २ + √−१ चा घन करून बघा. वर्ग : ४ + ४√−१ − १ म्हणजे ३ + ४√−१. त्याला परत २ + √−१ ने गुणा : ६ + ३√−१ + ८√−१ − ४. झाले २ + ११√−१. म्हणजेच २ + √−१२१! तर त्याचं घनमूळ २ + √−१, दुसऱ्याचं २ − √−१, दोघांची बेरीज केली की √−१ वाले भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ४.

तो स्वतः लिहितो की अनेकांच्या मते हा विचार रानटी होता, त्यालाही बराच काळ हे सत्यापेक्षा शब्दच्छलावर उभं आहे असंच वाटत होतं, पण सिद्धता सापडेपर्यंत तो शोधत राहिला. पुस्तक १५७२ मध्ये बोलोन्याला छापलं गेलं आणि त्याच वर्षी तो वारला.

मुलांना मी आता धडा इथूनच सुरू करते, क्ष वर्ग अधिक १ पासून नाही.

तिठा

वा, काय सुंदर लिहिलंय! इंजिनिअरिंगला चार सेमिस्टर गणित केलं पण हे ‘उत्तर समोर दिसतंय आणि सूत्र अडलंय’ कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही. तार्ताल्याबद्दल मात्र थोडं लिहायला हवं होतं असं वाटलं. १५१२ मध्ये फ्रेंचांनी ब्रेश्या लुटलं तेव्हा लहानग्या निकोलोच्या जबड्यावर तलवारीचा वार बसला, त्यातून बोलण्यात दोष राहिला आणि तार्ताल्या म्हणजे तोतरा हेच नाव पडलं, ते त्याने पुढे स्वतः लावलं. इतक्या हालातून वर आलेल्या माणसाची रीत दुसऱ्याने छापली याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्याने ती कार्दानोला पद्यात गुंफून दिली होती, आणि छापणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेऊनच दिली होती.

कंपासपेटी

तिठा, धन्यवाद. तार्ताल्याबद्दल मलाही तसंच वाटतं. पण कार्दानोची बाजू एवढी तरी सांगायला हवी की १५४३ मध्ये तो आणि त्याचा शिष्य फेर्रारी बोलोन्याला गेले, देल फेर्रोच्या जावयाकडे त्यांना देल फेर्रोची वही बघायला मिळाली आणि रीत तार्ताल्याच्या आधीची आहे हे कळलं. शिवाय ‘आर्स माग्ना’त त्याने देल फेर्रो आणि तार्ताल्या दोघांचंही नाव घेऊन श्रेय दिलंय. आणि त्या पुस्तकात एकट्या तार्ताल्याची रीत नाहीये, सगळ्या प्रकारची घन समीकरणं आहेत, सिद्धता आहेत, आणि फेर्रारीने शोधलेली चतुर्घाताची रीतही आहे. हा फेर्रारी चौदाव्या वर्षी कार्दानोच्या घरी कामाला म्हणून आलेला मुलगा. शपथ मोडली हे खरंच, ते मी झाकत नाही.

गुण्या

मी पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीच निचऱ्याच्या कामावर, त्यामुळे हा धागा रात्री दोनदा वाचला. वाल दी क्याना हे इंजिनिअर लोकांना माहीत असलेलं नाव आहे. आरेत्सो आणि क्यूसी या गावांच्या मधलं लांबट खोरं, उतार इतका कमी की पाण्याला कुठे जावं तेच कळत नाही, थोडं इकडे आर्नो नदीकडे, थोडं तिकडे तिबर नदीकडे, आणि मध्ये नुसती दलदल आणि हिवताप. लिओनार्दो दा विंचीने याच खोऱ्याचा नकाशा काढला होता. पुढे अठराव्या शतकात फोस्सोम्ब्रोनीने गाळ साठवून साठवून जमीन वर आणायची पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि शेवटी क्यानाचं बरंचसं पाणी उलट्या दिशेने उत्तरेला वळवलं गेलं. म्हणजे बोंबेली ज्या कामावर होता ते काम त्याच्यानंतर किती पिढ्या चाललं बघा.

ज्याने सपाट जमिनीवर चर काढलेत त्याला एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. लेव्हल घ्यायची, आकडे मांडायचे आणि आकडे सांगतील तिकडे चर न्यायचा, डोळ्याला तिकडे चढ दिसत असला तरी. डोळा फसतो, आकडा फसत नाही. बोंबेलीने √−१ च्या बाबतीत जे केलं ते मला तसंच वाटलं, हे माझं वैयक्तिक मत, पुरावा काही नाही.

अजून एक. रोममधला सांता मारिया पूल दुरुस्त करायचं काम १५६१ मध्ये त्याने घेतलं होतं, ते फसलं. तोच पूल पुढे १५९८ च्या पुरात गेला आणि आज त्याची एकच कमान नदीत उभी आहे, तिला तुटका पूल म्हणतात. माणसाची अशी अर्धी राहिलेली कामंही सांगावीत असं मला वाटतं, साइटवर सगळंच यशस्वी होत नसतं.

उत्तररात्र

लेख आवडला पण मला एक खटकतंय आणि स्पष्टच विचारते. २ + √−१ चा घन २ + ११√−१ येतो हे पटलं, करून बघितलं. पण २ + √−१ हे आलं कुठून? उत्तर ४ माहीत होतं म्हणून त्याचं अर्ध २ घेतलं असंच दिसतंय. मग ही सिद्धता कसली, हा तर उत्तर बघून मांडलेला ताळा झाला. उत्तर माहीत नसतं तर बोंबेलीने काय केलं असतं?

कंपासपेटी

उत्तररात्र, हाच प्रश्न विचारायला हवा होता. नीट उत्तर देते, थोडं लांबेल.

समजा घनमूळ अ + ब√−१ असं आहे. २ + ११√−१ मधल्या दोन आकड्यांचे वर्ग मिळवले तर ४ + १२१ म्हणजे १२५. आणि अ वर्ग + ब वर्ग याचा घन बरोबर हाच यायला लागतो, म्हणजे अ वर्ग + ब वर्ग = ५. बोंबेली इथूनच शोधायला सुरुवात करतो, ज्यांच्या वर्गांची बेरीज ५ होते असे दोन आकडे. पूर्णांकांत बघायचं तर २ आणि १, दुसरं काही नाहीच. मग तपासून बघितलं आणि जुळलं. म्हणजे ४ चं अर्ध म्हणून २ घ्यायची गरज नाही, ५ पासूनही २ पर्यंत पोचता येतं.

पण तुमची शंका अजून खोल जाते. अंदाज न करता बीजगणितानेच अ काढायचा म्हटलं तर ४ अ घन − १५ अ = २ असं समीकरण मिळतं, आणि त्यात २अ ला क्ष म्हणा, परत क्ष घन = १५ क्ष + ४! फिरून पहिल्या ठिकाणी. जिथे पूर्णांक सापडत नाहीत तिथे ही रीत खरंच अडते. याला ‘कासूस इर्रेदुचिबिलिस’ म्हणतात, न सुटणारं प्रकरण, आणि गंमत अशी की तिन्ही उत्तरं वास्तव, म्हणजे √−१ नसलेली, असतात नेमकं तेव्हाच हे होतं. फ्रान्समध्ये व्हिएतने पुढे कोनाचे तीन भाग करून, म्हणजे त्रिकोणमितीने, वेगळी वाट काढली. आणि १८४३ मध्ये वांत्झेलने सिद्ध केलं की कुठलंही परिमेय उत्तर नसलेल्या अशा घन समीकरणात नुसती वास्तव मुळं वापरून उत्तर लिहिताच येत नाही. म्हणजे बोंबेली ज्या दरीतून गेला तिला वळसा घालणारा रस्ता मुळांच्या गणितात नव्हताच.

उत्तररात्र

समाधान झालं, मनापासून आभार. ‘परत क्ष घन = १५ क्ष + ४’ हे स्वतः कागदावर करून बघितलं आणि अंगावर काटा आला.

गुण्या

वरच्या चर्चेत एक भर. उत्तर आहेच असा विश्वास बोंबेलीला नुसता आकड्यांवरून आलेला नाही. त्याने त्याच समीकरणाची भूमितीतली रचनाही दिली आहे, दोन काटकोनी गुण्या एकमेकांवर सरकवत सरकवत अशा जागी आणायचे की रेषा जुळतात आणि उत्तराची लांबी मिळते. आमच्याकडे गवंडी आणि सुतार जो गुण्या वापरतात तोच. (माझं टोपणनाव त्यावरूनच आहे.) पट्टी-कंपासने होणारी ही रचना नाही, पण लांबी तर डोळ्यासमोर दिसते. म्हणजे मुळाखाली उणे असलं तरी रेषा खरी आहे. हातात हत्यार धरलेल्या माणसाची सिद्धता आहे ही.

पिंपळपार

आपल्याकडचा एक धागा जोडतो. भास्कराचार्यांच्या बीजगणितात स्पष्ट वाक्य आहे, ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’. क्षय म्हणजे ऋण संख्या. तिला मूळ नाही कारण ती कोणाचा वर्गच नाही. कंपासपेटी ताईंच्या वर्गातला मुलगा जे म्हणतो तेच बाराव्या शतकात भास्कराचार्य म्हणतात, आणि कारण देऊन म्हणतात. त्या वाक्याच्या आधीच धन आणि ऋण दोन्हींचा वर्ग धनच येतो आणि धनाला दोन मुळं असतात, एक धन एक ऋण, हेही सांगितलंय. आमच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला त्याचा १२०७ चा शिलालेख आहे, लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे हे वाक्य जवळचं.

दुसरी गोष्ट मला फार गोड वाटली. बोंबेली अज्ञात राशीला ‘तांतो’ म्हणतो असं वाचलं, म्हणजे ‘तेवढं’. आपल्या बीजगणितात अज्ञात राशीला काय म्हणतात? यावत्तावत्! जेवढं तेवढं. आणि दुसरी, तिसरी अज्ञात राशी आली की कालक, नीलक, पीतक असे रंग.

दूरदेशी

पिंपळपार, तांतोबद्दल सांगते. माझं दोन वर्षं बोलोन्यात शिक्षण झालं आणि तिथे या विषयाचा नाद लागला. बोंबेलीच्या हस्तलिखितात आधी ‘कोसा’ म्हणजे वस्तू हा जुना व्यापारी गणितवाल्यांचा शब्द होता. छापील पुस्तकात त्याने तो बदलून ‘तांतो’ केला आणि वर्गाला ‘पोतेन्त्सा’ म्हणजे सामर्थ्य. बदल झाला तो प्राचीन ग्रीक गणितज्ञ डायोफँटस वाचल्यामुळे. रोममध्ये गणित शिकवणाऱ्या आंतोनियो मारिया पात्सीने त्याला व्हॅटिकनच्या ग्रंथालयातलं डायोफँटसचं ग्रीक हस्तलिखित दाखवलं, दोघांनी मिळून सातपैकी पाच भागांचं भाषांतर केलं. मग बोंबेलीने आपल्या तिसऱ्या भागातली बाजारहाटाची, देवघेवीची गणितं काढून टाकली आणि डायोफँटसची घातली, २७२ पैकी १४३ गणितं तिथली आहेत. माणूस पुस्तक लिहून झाल्यावरही नवीन काही वाचलं तर सगळं परत उलगडायला तयार होता.

आणि इथल्या सगळ्यांसाठी खास. प्रस्तावनेत तो लिहितो की डायोफँटसच्या या ग्रंथात भारतीय लेखकांचा अनेकदा उल्लेख आलेला आम्हाला आढळला, त्यावरून ही विद्या अरबांच्या आधी भारतीयांकडे होती हे मला कळलं.

रानवारा

काय सांगता!! १५७२ च्या इटालियन पुस्तकात? मग भारताकडूनच हे सगळं गेलं हे सिद्धच झालं की. हे शाळेच्या पुस्तकात का नाही?

दूरदेशी

रानवारा, मलाही वाचताना खूप आनंद झाला होता, पण थांबा जरा. डायोफँटसचा जो ग्रीक ग्रंथ आज आपल्यासमोर आहे त्यात कुठेही भारतीय लेखकांचा उल्लेख नाही. म्हणजे बोंबेलीचं ते वाक्य खरं आहे, त्याने तसं लिहिलंय, पण त्यावरून डायोफँटसबद्दल काही सिद्ध होत नाही. ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्यांचं मोठेपण त्यांच्या स्वतःच्या ग्रंथात धडधडीत आहे, ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात दिलेत, त्यासाठी बोंबेलीच्या एका वाक्याचा टेकू लागत नाही.

पिंपळपार

पूर्ण सहमत. चुकीचा टेकू दिला की भिंतही संशयात येते.

तिठा

त्याच्या लिहायच्या पद्धतीबद्दल कोणी सांगेल का? आपण क्ष च्या डोक्यावर ३ लिहितो तसं होतं का तेव्हा?

दूरदेशी

जवळजवळ. त्याने अज्ञात राशीला अक्षरच दिलं नाही, नुसता घात लिहायचा, एक छोटी अर्धवर्तुळाची वाटी आणि तिच्यावर १, २, ३. म्हणजे ५ वर वाटीत ३ असेल तर ‘पाच क्ष घन’. आणि लांबलचक मुळाखालचं सगळं एकत्र बांधायला रोमन एल अक्षर आणि शेवटी तेच उलटं, आपल्या कंसासारखं. त्यामुळे मुळाच्या आत मूळ असली राशी तो गोंधळ न होता लिहू शकला. आमच्या विद्यापीठाची जुनी इमारत आर्किजिन्नाझिओ, आता तिथे ग्रंथालय आहे, तिथल्या हस्तलिखितात १९२३ मध्ये एत्तोरे बोर्तोलोत्तीला बोंबेलीचे न छापलेले चौथा आणि पाचवा असे दोन भाग मिळाले. भूमितीचे. ३५० वर्षं कोणाला पत्ताच नव्हता, १९२९ मध्ये छापले गेले. त्या अंगणात मी रोज डबा खायचे आणि मला हे माहीतही नव्हतं, याची अजून हळहळ वाटते.

गुण्या

बोंबेलीची एक रीत आमच्या कामाची आहे म्हणून लिहितो, कोणी इथे काढली नाही. वर्गमूळ काढायची. १३ चं वर्गमूळ ३ आणि वर काहीतरी. त्या काहीतरीला य म्हणा. ३ + य चा वर्ग म्हणजे ९ + ६य + य वर्ग = १३, म्हणून ६य + य वर्ग = ४, म्हणून य = ४ भागिले (६ + य). आता उजवीकडच्या य ला आधी सोडूनच द्या, य = ४/६ म्हणजे २/३. हाच य परत उजवीकडे घाला, ४ भागिले ६ पूर्णांक २/३, येतात ३/५. परत घाला, येतात २०/३३. म्हणजे ३ पूर्णांक २०/३३ = ३.६०६०६, आणि खरं १३ चं वर्गमूळ ३.६०५५५. तीन फेऱ्यांत साइटवर लागतं त्याहून जास्त बरोबर. याचंच पुढे वितत अपूर्णांकांचं, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक असलेल्या अपूर्णांकांचं, शास्त्र झालं. कॅल्क्युलेटर नसताना हे माणूस शेताच्या बांधावर बसून करू शकतो.

मृदगंध

शांतपणे सगळा धागा वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी यंदा अकरावीत गेलीय, गणित नको म्हणत होती. काल जेवताना तिला १५ चोक साठवाली गोष्ट सांगितली, ताट बाजूला सारून पेन घेऊन बसली आणि २ + √−१ चा घन स्वतः करून बघितला. मग विचारते, नंतर या माणसाचं पुस्तक कोणी वाचलं का? मला सांगता आलं नाही. आणि तिला अजून एक असंच गणित हवंय, ज्यात पूर्णांक सापडतात.

कंपासपेटी

मृदगंध, तुमचा प्रतिसाद वाचून आज दिवसभर छान वाटत होतं. तिला सांगा, वाचलं. पॅरिसमध्ये असताना लायब्निझने बोंबेलीचा नीट अभ्यास केला, त्याला तो फार मोठा मानायचा, आणि त्याच वाटेने जाऊन (१ + √−३) चं वर्गमूळ अधिक (१ − √−३) चं वर्गमूळ बरोबर √६ असं काढून दाखवलं. स्टेव्हिनने १५८५ मध्ये घात लिहायची त्याच्यासारखी खूण वापरली. √−१ सारख्या संख्यांना लावला जाणारा ‘काल्पनिक’ हा शब्द मात्र १६३७ चा, देकार्तचा. बोंबेलीच्या नावाला असलं काही चिकटलेलं नाही, त्याने दिलेलं ‘उण्याचं अधिक’ हे नाव मला जास्त प्रामाणिक वाटतं.

गणित घ्या : क्ष घन = ३० क्ष + ३६. तिला म्हणावं उत्तर आधी शोधायचं नाही, सूत्राने जायचं. ३६ चं अर्ध, ३० चा तिसरा भाग, आणि मग वर्गांची बेरीजवाली युक्ती.

मृदगंध

झालं! तिनेच सांगितलंय तसं टाइप करतेय. ३६ चं अर्ध १८, वर्ग ३२४. ३० चा तिसरा भाग १०, घन १०००. ३२४ वजा १००० म्हणजे उणे ६७६, मूळ २६√−१. तर १८ + २६√−१ चं घनमूळ पाहिजे. १८ आणि २६ च्या वर्गांची बेरीज १०००, घनमूळ १०, म्हणून वर्गांची बेरीज १० होणारे आकडे, १ आणि ३. पहिल्यांदा तिने १ + ३√−१ घेतलं तर घन आला −२६ − १८√−१, आकडे तेच पण जागा उलट्या, त्यावर बराच वेळ अडली. मग अदलाबदल करून ३ + √−१ घेतलं, वर्ग ८ + ६√−१, घन १८ + २६√−१. दुसरं ३ − √−१. बेरीज ६. आणि २१६ बरोबर १८० अधिक ३६, ताळा जुळला. रात्रीचे पावणेबारा वाजलेत, आता बाकीची दोन उत्तरं काढायला बसलीय.